भर दुपारचा मांडव

या माऊली, जरा सरकून जवळ बसा. आमच्या पुंडलिकनगरच्या सप्ताहातली एक कथा सांगते.

दुपारच्या प्रवचनाला एरवी आम्ही दहा-बारा म्हाताऱ्याच असतो. त्या मंगळवारी मात्र मांडव गच्च भरला, चपला पार रस्त्यापर्यंत गेल्या. शेंद्र्याला कारखाना असलेले विश्वजीत शेट त्या दिवशी सत्काराला आले होते, कारण औंदा महाप्रसादाची बुंदी त्यांच्याकडून होती. गर्दी बघून ते असे फुलले, की महाराजांच्या आधी त्यांनीच माईक घेतला.

"टीव्हीवर शिकलेली माणसं भ्या दाखवतात, शंभर वर्षांमागची ती महामंदी पुन्हा येईल म्हणून. मी सांगतो, येत नसती. कामाच्या दिवशी, भर दुपारी एवढी धडधाकट माणसं हरिनामाला मोकळी आहेत. सुबत्ता आणखी कशाला म्हणायची?"

महाराज गालात हसले. "शेट, एवढी सवड यांना कुणी दिली, तेवढं विचारा की."

शेटनं खुशीत माईक पुढच्याच माणसासमोर धरला. ते करमाडचे काकासाहेब. ते हात जोडून उठले.

"तुम्हीच दिली, शेट. आम्ही समदे तुमच्याच कारखान्यातली पहिली पाळी. गेटला कुलूप हाय, तुमचा फोन लागत नाय. आमचं काम परत कवा सुरू व्हणार, तेवढं इचारायला आलो."



सांजेला देवापुढं दिवा लावाल, तेव्हा विश्वजीत शेटची आठवण ठेवा, माऊली. आपल्याच माणसांची तोंडं ओळखू येतील, एवढी तरी नजर त्यांच्यासाठी मागा.