यादीतलं एक नाव

"'अचूक नोंदी' हे काढून टाका," हेमांगी म्हणाली.

मेहुलभाईचा माऊसवरचा हात थांबला. बोईसर स्टेशनजवळच्या त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात रोज वीस-पंचवीस पोरं बायोडाटा करायला येतात. सगळ्यांना शब्द वाढवून हवे असतात. काढा म्हणणारी ही पहिलीच!

"अगं ताई, जाहिरात वाच की. ऑफिस असिस्टंट. फायलिंग, पत्रव्यवहार, आणि अचूक नोंदी तर तीनदा लिहिलंय. आधी कॉम्प्युटर वाचतो, माणूस नंतर. त्याला शब्द दिसला नाही की तुझा अर्ज बाद. आणि आज पाच वाजता मुदत संपते."

"फायलिंग येतं, पत्रंही लिहिते. ते राहू द्या. खोटं नको."

"खोटं कसं? मच्छीमार सोसायटीत चार वर्षं आहेस ना?"

हेमांगीला आजवर सात कंपन्यांकडून साधं उत्तरसुद्धा आलं नव्हतं. सोसायटीच्या मानधनात काही भागत नव्हतं. मुरबे गावातल्या घराचा सगळा भार आईच्या मासळीच्या पाटीवर, आणि आईचे गुडघे आता साथ देत नव्हते. ती, जमना, आत्ताही पाटी घेऊन दुकानाच्या पायरीवरच बसली होती. मासळीचा वास नको म्हणून ती कुणाच्या दुकानात आत येत नसे.

"सांग ना त्यांना," ती तिथूनच म्हणाली. "होडी सुटायच्या आदी कोन कोन चाललं त्याची यादी तूच लिवतेस ना? एकवीस होड्यांची!"

"आई, गप ना गं!"

"का गप? काम हाय ते."

"आणि बाबांच्या वेळी काय लिहिलं होतं मी?"

जमना पाटीवरचं फडकं सारखं करू लागली. मेहुलभाईला काही कळेना. मग हेमांगीनेच एका दमात सांगून टाकलं.

"होडीवर जाणाऱ्या भाग्येशला ताप आला, म्हणून ऐन वेळी त्याच्या जागी बाबा चढले. यादीत नाव भाग्येशचंच राहिलं. मी बदलायला निघाले तर म्हणाले, राहू दे गं, आल्यावर कर. होडी उलटली. बाकीचे सापडले, बाबा नाही. दोन वर्षं झाली. आम्ही मृत्यूचा दाखला मागतो, सरकारी ऑफिसातले यादी दाखवतात." तिने स्क्रीनकडे बोट दाखवलं. "लाज वाटते हो मला तो शब्द लिहायला."

मेहुलभाईने मुकाट्याने शब्दावर कर्सर नेला.

"काढू नको, भाऊ," जमना म्हणाली. पाटी पायरीवर ठेवून ती आत आली, थेट टेबलापाशी. "तवापासून दर होडी सुटेपरेन ही कमरेभर पान्यात उभी रेते. एकेकाचं तोंड बघून नाव वाचते. मी बघते ना."

हेमांगी आईकडे बघतच राहिली. दोन वर्षांत त्या यादीबद्दल आई चकार शब्द बोलली नव्हती. हेमांगीचे डोळे भरून आले.

"राहू द्या तो शब्द," ती मेहुलभाईला हळूच म्हणाली.

मेहुलभाईने खालचा रकाना उघडला.

"वडिलांचं नाव?"

"एकनाथ."

"आधी कैलासवासी लावू?"

हेमांगीने ओढणीने डोळे पुसले.

"नको. कागदावर बाबा होडीत चढलेलेच नाहीत."