गडाचा वरचा दरवाजा

सातवीच्या वर्गात भिंतभर गणिताचा गड दिसे. उदाहरण सुटलं, की पडद्यावरची मुलांची चित्रं एकेक पायरी चढत. मनगटावरचा पट्टा नाडी ओळखे आणि मूल घाबरलं, की गड उदाहरण सोपं करून देई. त्यामुळे रोज सगळेच जिंकत.

रुखसार मुलाणीला मात्र ते खटकलं. एकदा अपूर्णांक पाहून तिची छाती धडधडली आणि समोरची अवघड बेरीज डोळ्यांदेखत सोपी झाली. तिनं सरळ पट्टा काढून बाकावर ठेवला.

"अगं, आता गड तुझी गय करणार नाही," खरातबाई म्हणाल्या.

"नकोच करू दे, बाई."

मग उत्तर चुकलं, की ती पुन्हा पायथ्याशी येऊन पडू लागली. एकदा तर रडलीही, पण पट्ट्याला तिनं हात लावला नाही. हळूहळू छाती धडधडत असतानाही तिचं डोकं चालू लागलं.

शेवटी ती माथ्यावर पोचली, आणि तिथं एक दरवाजा उघडला. पट्टा बांधून चढणाऱ्यांना तो कधी दिसलाच नव्हता. बाईंनाही तो ठाऊक नव्हता. आत एकच उदाहरण होतं. रुखसारनं ते वाचलं, पुन्हा वाचलं, पण काहीच सुचेना. पोर आता हिरमुसणार म्हणून बाई पुढे झाल्या.

तेवढ्यात रुखसार वर्गाकडे वळली. तिचा चेहरा फुलला होता.

"लवकर या रे सगळे!" ती ओरडली. "मला न येणारं गणित सापडलंय!"