आबांचा रिपोर्ट

ऋषिराज कागद घेऊन शाळेतल्या कोरोना तपासणीवरून पळतच वस्तीवर आला. "आई, निगेटिव्ह!"

कुशाबाईंनी देवाला हात जोडले. कागदावर नाव वडिलांचं, म्हणजे आबांचं होतं, जोतीराम, वय चौसष्ट. नाकात काडी मात्र ऋषिराजने घालून घेतली होती; घरी सांगितलं होतं, आबांची थुंकी डबीतून नेली की तपासणी होते. तपासणीला आलेला माणूस परगावचा. त्याला दुपारपर्यंत पन्नासचा आकडा भरायचा होता, मास्कमागचं वय बघायला त्याला कुठली फुरसत!

असं करणारा ऋषिराज काही एकटा नव्हता. घरात पेशंट निघाला की डेअरी चौदा दिवस दूध घेत नव्हती, आणि यांच्या गोठ्यात नऊ गाई. गावभर हीच तऱ्हा. धडधाकट पोरं रांगेत, खोकणारी माणसं घरात.

तेवढ्यात गावची आशा सेविका जयवंता आली. तिने खाटेवरच्या आबांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि तिचा चेहराच उतरला. "ब्याऐंशी! आत्ताच्या आत्ता बारामतीला न्या."

"रिपोर्ट चांगला हाय की," कुशाबाई म्हणाल्या. "आपल्या गावात एक पेशंट न्हाय. पलीकडच्या गावात रोज धा निघत्यात."

"व्हय, तितं पेशंट निघत्यात. हितं या महिन्यात अकरा तिरड्या निघाल्या, मावशी."

ऋषिराज उंबऱ्याबाहेर गेला, आत आला, पुन्हा बाहेर गेला. जीपवाल्याला फोन लावला आणि रिंग वाजायच्या आत कापला. सांगायचं तर कुठल्या तोंडाने?

आबा मात्र उठून बसले. "निगेटिव्ह न्हवं? मग... दवाखाना कशाला? तितं गेलेला... माझा भाऊ बिरदेव... परत न्हाय आला." शब्दाशब्दाला धाप लागत होती. त्यांनी खाटेखालची बादली ओढली. "धारंची येळ झाली."

उभं राहताना त्यांनी भिंत धरली. ओठ निळे पडले होते.

जयवंताने कागद पाहिला, मग ऋषिराजकडे पाहिलं. "माझं न्हाय ऐकायचे ते. तू सांग."

ऋषिराजने बापाच्या हातातली बादली काढून घेतली. त्याला रडूच आलं.

"आबा, कागद तुमचा हाय," तो म्हणाला, "पर नाक माझं हुतं."