रेघा आणि ठिपके
फुटपाथवर अंधांसाठीच्या पिवळ्या उठावाच्या लाद्या बसवून मिस्त्री खुशीत होता: एक रेघांची, एक ठिपक्यांची, झकास नक्षी. तपासायला अंधशाळेतल्या बाई आल्या. त्यांना स्वतःलाही दिसत नव्हतं. काठी टेकवत त्या पाऊलभर चालल्या, थांबल्या. पुन्हा पाऊलभर, पुन्हा थांबल्या. “बाई, का थांबताय?” “तुम्हीच थांबवताय. पायाखाली रेघा म्हणजे ‘जा’, ठिपके म्हणजे ‘थांब’.” मिस्त्री ओशाळला. “मला वाटलं, डिझाईन आहे. अंगठाबहाद्दर माणूस मी.” “मग आता या लाद्यांनी लिहा.” त्याने सगळ्या लाद्या उखडून पुन्हा बसवल्या. आठवड्याने बाई आल्या आणि भराभर चालत निघाल्या. पुढे रस्त्यावर ट्रक धडधडत होते. मिस्त्रीचा जीव टांगणीला लागला. हाक ओठांवर आली. तेवढ्यात फुटपाथच्या कडेला, ठिपक्यांवर पाय पडताच बाई जागच्या जागी थांबल्या. मागे वळून म्हणाल्या, “मिस्त्री, अक्षर सुंदर आहे हो तुमचं!”