इंदूला मारलेल्या हाका

इंदूताई गेल्या, तरी चिपळूणच्या घरात बाबा त्यांना हाका मारतच राहिले. बाबांचं विसरणं किती वाढतंय ते कळावं, म्हणून पुण्याला राहणाऱ्या लेकीनं, केतकीनं, घरातल्या आवाज ऐकणाऱ्या यंत्राला ‘इंदू’ ही हाक नोंदवायला शिकवलं होतं. मोबाइलवर ती रोजचा आलेख पाहायची आणि डोळे पुसायची.

या आठवड्यात आलेख शून्यावर टेकला. बाबांनी अखेर आईचं जाणं मान्य केलं, या विचारानं तिला हायसं वाटलं. तिनं फोन लावला.

“बाबा, हल्ली आईला हाका मारत नाही तुम्ही?”

बाबा संकोचून म्हणाले, “काय गं नाव तिचं?”

केतकीनं कसंबसं सांगितलं. नव्या शेजाऱ्याचं नाव लक्षात ठेवावं, तसं बाबा ते पुटपुटत राहिले.