गुंगीतलं बोलणं

"गुंगी-बिंगी काही नको, बाई. वस्तादाची पोर आहे. ओढा हात आणि बसवा हाड," तालमीचा वस्ताद हिंदुराव मिशीला पीळ देत म्हणाला. पेरूच्या झाडावरून पडलेल्या सात वर्षांच्या कस्तुरीचा हात मनगटाच्या वर वाकला होता. ती बापाकडे बघत ओठ घट्ट मिटून बसली होती.

"हा दवाखाना आहे, आखाडा नाही," म्हणत डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या नाकात गुंगीचं औषध फवारलं.

थोड्याच वेळात कस्तुरीची कळी खुलली. "बाई, तुम्हाला दोन डोकी आहेत. दोन्ही छान आहेत!" मग तिने आवाज चढवला. "बाबांच्या पायात काटा गेला ना, तेव्हा तो काढायला आई त्यांच्या छातीवर बसली होती! बाबा इतके बोंबलले, की शेजारचे काका काठी घेऊन आले. त्यांना वाटलं, चोर शिरलाय!"

नर्स हसून हसून भिंतीला टेकली. तेवढ्यात बाईंनी पोरीचा हात ओढला आणि कट्ट आवाज झाला. हिंदुरावने डोळे गच्च मिटले. उघडून बघतो तर पोरगी हसतमुखाने विचारत होती, "बाई, हाड कधी बसवणार?" आता मात्र त्याचेच डोळे भरून आले.

पुढच्याच आठवड्यात तालमीत एका पठ्ठ्याचा खांदा निखळला. चौघे जण त्याला धरून ओढायला धावले.

"हात लावू नका!" वस्ताद गरजला. "आधी औषध, मग हाड. आणि दवाखान्यात याच्याबरोबर आत मी एकटाच जाणार. गुंगीत हा माझ्याबद्दल काय बोलेल, नेम नाही!"