पंचाण्णवच्या आत

कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरचा तापमानाचा आकडा सत्त्याऐंशीवर गेला, तसे सयाजीराव पुन्हा उठले आणि खिडकीतल्या वाळ्याच्या पडद्यावर त्यांनी तिसरा तांब्या ओतला.

"बाबा, बसा हो जरा," अंकिता म्हणाली. "तुमच्या येरझाऱ्यांनीच खोली तापतेय."

बसणं त्यांना जमत नव्हतं. हैदराबादच्या एका कंपनीने तिच्याकडून दोन मिनिटांचं ॲनिमेशन मागवलं होतं: धुक्यातला आंबेनळी घाट आणि त्यातून उतरणारी एसटी. आज संध्याकाळी पाचच्या आत पोचलं तर तिथे नोकरी. एकेक चित्र घडवायचं काम काळ्या पेटीतल्या ग्राफिक्स कार्डाचं. वेळ पुरेना म्हणून सकाळी तिने ओव्हरक्लॉक करून त्याचा वेग वाढवला होता. वेगाबरोबर ताप वाढतो, आणि पंचाण्णव अंशांना मशीन आपणहून बंद पडतं, हे तिनेच त्यांना समजावलं होतं.

जेवणापर्यंत आकडा सत्तरीत होता. मग पेटीला खालून वारा मिळावा म्हणून तिने थोडा वेळ काम थांबवलं आणि कपाटातल्या कोशाचे चार जाडजूड खंड पेटीखाली लावले. झाकण काढून टेबलफॅनही आत वळवला. तरी आकडा चढतच होता.

खंडांमुळेच वाट अडली असेल का? सयाजीरावांच्या ओठांवर आलं, पण ते गप्प राहिले. तिसऱ्या खंडात महाडच्या डॉक्टरांचा कागद होता. हृदयाचं ऑपरेशन, आणि लवकर. गेल्या आठवड्यात चष्म्याचं काम सांगून ते एकटेच जाऊन आले होते. आई गेल्यापासून पोरगी दोन वर्षं पोलादपुरात लग्नांचे व्हिडिओ जोडत बसली होती. हा कागद दिसला तर ती जायची नाय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आता तो खंड पेटीच्या वजनाखाली होता. बरंच झालं, कोण उघडतंय.

"नव्वद," ते म्हणाले. "वेग थोडा उतरव की गो."

"उतरवला तर पाचच्या आत होत नाही."

त्यांनी पेटीला कान लावला. सकाळी घोंघावत होती, आता कशी शांत चालली होती. त्यांना तेवढाच धीर आला. फ्रीजमधली बर्फाची ताटली आणून त्यांनी फॅनपुढे ठेवली. आकडा ब्याण्णव झाला. त्र्याण्णव. देवाचं नाव घ्यावं की आणखी बर्फ आणावा, त्यांना कळेना.

चार वाजून वीस मिनिटांनी स्क्रीन काळी झाली.

अंकिताने टेबलफॅन बंद केला. मग म्हणाली, "जाऊ दे. नव्हतं नशिबात."

"माझंच काय चुकलं का गो? ते बर्फाचं?"

"तुमचं काय चुकणार, बाबा. चहा टाकते."

ती आत गेली. भांड्यांचा आवाज येईपर्यंत ते थांबले. मग गुडघे टेकून त्यांनी पेटी जराशी तिरकी केली, तिसरा खंड ओढून काढला आणि पानं चाळली. एकदा. पुन्हा एकदा.

कागद नव्हता.

पेटी तशीच तिरकी धरून ते खाली वाकले. कार्डाच्या पोटाशी असलेल्या पंख्याच्या पात्यांत चार घड्या घातलेला एक कागद घट्ट बसवलेला होता, आणि वरच्या घडीवर डॉक्टरांच्या अक्षरात त्यांचंच नाव होतं.